कंदीलमास्तरांची पंगत

कंदीलमास्तर कोळ्यांना कानाने ओळखत. कंदिलाची लांबट काच ते दोन्ही तळव्यांत धरून अलगद कानाशी नेत, डोळे मिटत आणि स्वतःच्या श्वासालाही क्षणभर बाजूला उभे करत. मग म्हणत, "हा हिंडतोय. याच्या पोटात काही नाही." किंवा, "हिनं पहाटे कात टाकली. पाय अजून मऊ आहेत, आवाज दबका येतोय." तीच काच मी कानाशी नेई तेव्हा मला फक्त समुद्र ऐकू येई, मुरुडात कोणतीही पोकळ वस्तू कानाशी नेली की समुद्रच ऐकू येतो. सहा-सात महिन्यांनी एका दुपारी मात्र त्या घोंगावण्याच्या आत मला काही वेगळे ऐकू आले. कोऱ्या कागदावर कुणी केसाच्या टोकाने लिहावे, इतके बारीक. मी दचकून काच खाली ठेवली. मास्तर हसले. "आलं ना ऐकू? तुमचा समुद्र जरा गप्प बसला म्हणायचा, सूनबाई."

ही एकोणीसशे तिसाच्या आसपासची वर्षे. मुरुड तेव्हा जंजिरा संस्थानात होते. मास्तर मुंबईच्या एका शाळेत सृष्टिविज्ञान शिकवत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, यावर आता इलाज नाही असेही सांगितले, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि वडिलांच्या घरी परतले. सोबत थोरली विधवा बहीण, माई. लग्न त्यांनी केलेच नव्हते. परसात नारळ साठवायची एक खोली होती. ती झाडून त्यांनी तिला प्रयोगशाळा म्हटले, आणि गावाने कंदीलखोली. कारण आत कंदिलाच्या अठ्ठेचाळीस काचा मांडलेल्या होत्या आणि कंदील एकही नव्हता. प्रत्येक काच ओल्या वाळूच्या बशीत उभी, वरच्या तोंडाला मलमलीचा तुकडा दोऱ्याने बांधलेला, आणि आत एक कोळी. एकेकटा, कारण दोघांना एकत्र ठेवले तर सकाळी एकच उरे.

काचा जमवण्याची त्यांची पद्धत गावात प्रसिद्ध होती. कुणाच्या घरी काच तडकली असे कळले की मास्तर समाचाराला यावे तसे येत. पेठेतले कादरभाई आगबोटीने आलेली काचांची पेटी उघडत तेव्हा काठ उडालेल्या काचा बाजूला काढून ठेवत आणि म्हणत, "मास्तर, इन्शाल्ला पुढच्या पेटीतही दोन-चार फुटक्या निघतील." स्वतःच्या मालाचे असे वाईट चिंतणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

माझी त्यांची ओळखही एका फुटक्या काचेनेच झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझे यजमान मुंबईला नोकरीत आणि मी मुरुडात सासूबाईंजवळ, मास्तरांच्या कुंपणाला लागून. काच मागायला ते आले तेव्हा मी ओटीवर पत्र लिहीत होते. "वाचणार नाही," ते म्हणाले, "फक्त अक्षर बघू दे." कागद नाकाशी नेऊन त्यांनी तो हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवला, त्यांना समोरचेच तेवढे दिसे, कडा काळवंडल्या होत्या. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्या सुनेचे हे डोळे मला रोज सकाळी दोन तास उसने द्याल का? वही लिहायची आहे."

"कसली वही?" सासूबाईंनी विचारले.

"कोण जेवलं आणि कोण नाही, याची."

सासूबाईंना वाटले, मास्तर अन्नछत्र काढताहेत. त्यांनी होकार दिला. खरे कळल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "शब्द दिला तो दिला. पण पदर झटकल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही."

खोलीत शिरताना आधी वास भेटे. ओली वाळू, पिकून काळी पडलेली वेलची केळी, जुन्या नारळांचा खवट गोडवा, आणि सगळ्यांच्या तळाशी अंड्याचा उग्रपणा. कौलांत एक काचेचा तुकडा बसवला होता. त्यातून उतरलेली उजेडाची पट्टी सकाळभर भिंतीवरून सरकत राही आणि ज्या ज्या काचेवर येई तिला क्षणभर मधाचा रंग देई. दोन भिंतींना दोन-दोन फळ्या होत्या. उजव्या भिंतीवरच्या कोळ्यांना जिवंत अन्न मिळे: लहानपणी केळ्यांवर जमणारी चिलटे, मोठेपणी माश्या. डाव्या भिंतीवरच्यांना मास्तरांनी कालवलेले: अंड्याचा बलक, दूध आणि मधाचा थेंब, कापसाच्या बारीक पुंजक्यावर टिपून. हे मिश्रण ते करवंटीत घोटत, कारण माईंनी अंड्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. या दोन बाजूंना मास्तर पंगती म्हणत. "डाव्या पंगतीला वाढायला उशीर झाला आज," असे ते मनापासून ओशाळून म्हणत.

उजव्या पंगतीचा शिधा हिरू आणी. ती कोळीवाड्यातली, बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर बसलेल्या माश्या ती बाटलीत पकडे आणि मासळीची पाटी उतरवण्याआधी ती बाटली मास्तरांपुढे धरे.

"घ्या मास्तर, ताज्या हायत. आताच बोंबलावरशी उठवल्या."

"जिवंत आहेत ना सगळ्या?"

"आवो, माजी मासली मेलेली चालतं न् माशी जित्तीच पायजे? असं गिऱ्हाइक मना जल्मात भेटला न्हाय." मग माझ्याकडे वळून, "काय गो सूनबाय, ह्यांचे कोली पोसाया आमा कोल्यांनाच राबवतान हे. तुमच्या वहीत माजा नाव तरी घाला."

मास्तरांनी ते खरेच घालायला लावले. वहीच्या पहिल्या पानावर आहे: ‘माश्या, हिरूकडून.’

वही लिहायची म्हणजे मला वाटले होते, सोपे काम. माहेरी वडिलांनी मला ओव्या, आर्या, श्लोक पाठ करवले होते. शब्दांची मला श्रीमंती वाटे. पहिल्याच आठवड्यात मी एका मादीच्या पोटाचा रंग ‘चंद्रासारखा’ लिहिला आणि थाटात वाचून दाखवला.

मास्तर थांबले. "चंद्र कोणत्या तिथीचा?"

मी वहीतून मान वर केली.

"आणि उगवतीचा की माथ्यावरचा? माथ्यावरचा पांढरा असतो, उगवतीचा हळदीसारखा. नीट ठरवा. मला दिसत नाही, मला तुमच्या वहीतूनच बघायचंय."

मी काच उजेडात धरून पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले. शेवटी लिहिले: ‘सोललेल्या शेवग्याच्या बीचा रंग.’ ते ऐकून त्यांनी जिभेवर चव घ्यावी तशी मान हलवली. त्या दिवशी मला कळले की उपमा ही वस्तूला घातलेली माळ नसते; ती वस्तूपर्यंत नेणारी पायवाट असते, आणि चुकीची असली तर आंधळा माणूस खड्ड्यात पडतो. दुसरी त्यांची सक्ती ‘बहुधा’ या शब्दाबाबत होती. तो शब्द वहीत आला की ते खोडायला लावत. "बहुधा म्हणजे आळस, सूनबाई. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. तेही एक ज्ञानच आहे."

आता हे सगळे कशासाठी, ते सांगायला हवे. मास्तर लहान असताना त्यांच्या वडिलांच्या वाडीवर अळी पडली. काळ्या डोक्याची, झावळ्यांच्या पानांमागे जाळी करून राहणारी. तिने पानांतला सारा हिरवा गर खाल्ला आणि माड भाजल्यासारखे तपकिरी होऊन उभे राहिले. त्या वर्षी वडील वाडीत जाईनासे झाले. पण मुलगा जाई. एका पडलेल्या झावळीत त्याला पान दुमडून केलेली रेशमी पिशवी दिसली आणि तिच्या तोंडाशी, आपल्याहून दुप्पट मोठ्या अळीला धरून बसलेला एक फिकट कोळी. हा कोळी जाळे विणत नाही. दिवसा पिशवीत झोपतो, रात्री झावळीवर हिंडून शिकार करतो. असे कोळी शेकड्यांनी वाढवून वाडीत सोडता आले तर? पण शेकडो कोळ्यांना रोज जिवंत चिलटे कुठून पुरवणार? ते जर कालवलेल्या अन्नावर वाढले, तर कोणतीही बाई पडवीच्या कोपऱ्यात त्यांना वाढवू शकेल, कोंबड्या वाढवतात तशी.

मास्तरांनी हा विचार मुंबईच्या एका विद्वानांच्या बैठकीत मांडला होता. कुणीतरी मागून विचारले, "म्हणजे कोळ्याला आता खानावळ लावणार?" आणि बैठक हसत उठली. हे ते मला अगदी शांतपणे सांगत. फक्त सांगताना चष्म्याखालून बोट घालून डोळे पुसत, जणू दोष त्यांच्या दिसण्याचाच होता. "मला एकच पिढी दाखवायची आहे," ते म्हणत. "अंड्यापासून अंड्यापर्यंत. डाव्या पंगतीवर, एकाही जिवंत घासाशिवाय. एकदाच. डोळे आहेत तोवर."

आणि डोळे फार दिवस नव्हते. मी आले त्याआधीची तीन वर्षे डावी पंगत दर वेळी तिसऱ्या-चौथ्या कातेला संपली होती. कोळी कात टाकायला लागे, अर्धा बाहेर येई आणि तसाच, एक पाय जुन्या अंगरख्यात अडकवून, मरून जाई.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पिल्ले बाहेर आली. खसखशीएवढी, पाण्यासारखी पारदर्शक. दोन्ही पंगती भरल्या. माघात डावीकडच्या वरच्या फळीवरचे बाराही कोळी नेहमीसारखे कातेत अडकून गेले. पण खालची फळी जगली. बारांतले दोन गेले. दहा चौथी कात टाकून पाचवीला गेले, मग सहावीला. मास्तर रोज सकाळी खालच्या फळीपुढे पाटावर बसत आणि एकेक काच कानाशी नेत. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. वरच्या फळीबद्दल त्यांनी मला सांगितले, "लिहा, ‘बहुधा कौलांच्या उष्णतेने गेले.’" माझी लेखणी थबकली. त्यांच्या ते लक्षात आले नाही. मी लिहिले.

फाल्गुनात खालच्या फळीवरच्या एका मादीच्या काचेत त्यांनी नर सोडला आणि वेळेवर काढून घेतला. पुढे एका सकाळी मला दिसले की तिने आतले पान दुमडून घेतले आहे आणि त्या घडीत, रेशमाच्या पदराखाली, अंड्यांची पिवळसर रास आहे. मास्तरांनी मला ते तीनदा वर्णन करायला लावले. तिसऱ्या वेळी ते ऐकत नव्हतेच. ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होते. मग उठून अंगणात गेले आणि माईंना मोठ्याने हाक मारून म्हणाले, "माई, आज गोड कर काहीतरी!" माईंनी त्या दिवशी नारळीभात केला. मुंबईच्या त्याच मंडळींना पाठवायचे पत्र मास्तरांनी मला एका बैठकीत सांगितले. आकृत्यांसह त्याची स्वच्छ प्रत करायची माझ्याकडे होती.

आकृतीत मादीचे पुढचे पाय मला नीट जमेनात, म्हणून एका दुपारी मी अवेळी खोलीत गेले. मास्तर झोपले होते. दार लोटलेले होते. आत माई होत्या. डाव्या भिंतीपुढे वाकून, एका हातात झाकण घातलेली पितळी वाटी, दुसऱ्या हाताने मलमलीचा काठ उचललेला.

"माई, काय करताय?"

"ओरडू नकोस गं. उडतील ना!" त्यांनी वाटी काचेच्या तोंडाशी तिरपी केली, चुटकीसरशी मलमल ओढून घेतली आणि मग माझ्याकडे वळल्या. "सोमवार आहे आज."

"सोमवारचं काय?"

"मी दिवसभर उपाशी असते. ते माझं व्रत, मी घेतलेलं. ह्यांनी कुठं घेतलंय? आपल्या छपराखालचा जीव उपाशी ठेवून उपास केला तर तो देवाला पोचायचा का?"

"पण त्यांना बलक असतो ना रोज."

"बाळूला वाटतं तसं." साठीच्या मास्तरांना माई बाळूच म्हणत. "आजाऱ्याला पेज देतात ती उठून बसेपर्यंत. पेजेवर कुणी जन्म काढतं का? दिवाळीपासून देतेय मी. दर सोमवारी एकेक, मोजून. आधी चिलट द्यायची, आता मोठे झालेत म्हणून हिरूकडनं माशी घेते मागून."

मी दोन्ही भिंतींकडे पाहिले. "सगळ्यांना?"

"समोरच्यांना कशाला? त्यांना मिळतंय की. ह्यांनाच. पण वरच्या फळीला माझा हात पोचत नाही. ते बिचारे गेले. तू दुपारची इथं येत असतीस तर तुलाच सांगितलं असतं द्यायला."

उजेडाची पट्टी तेव्हा खालच्या फळीवर होती. दहा काचा मधाच्या रंगात उभ्या होत्या आणि एकीच्या तळाशी, वाळूवर, माशीचा एक पंख पडला होता. आजवर मी तो अभ्रकाचा कण समजत आले होते.

माईंना माझा चेहरा कळला. वाटी पदराखाली घेत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काही चुकलं का गं माझं? बाळूला सांगू नकोस मग. रागावेल म्हणून नाही. किती वर्षांनी हसतोय तो."

मी तीन दिवस सांगितले नाही. पत्राची प्रत करत राहिले. चौथ्या दिवशी त्या वाक्यावर आले: ‘या कोळ्यांनी जन्मापासून एकही जिवंत भक्ष्य घेतलेले नाही.’ अर्धे वाक्य लिहून लेखणी उचलली ती पुन्हा कागदाला टेकवेना.

मास्तर शेजारीच काच कानाशी धरून बसले होते. "का थांबलात? शाई वाळली?"

"नाही काका. हे वाक्य मला लिहिता येत नाही."

"अवघड आहे?"

"खरं नाही."

त्यांनी काच कानापासून दूर केली. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होते. सोडण फाटल्याचा करकरीत आवाज दोनदा आला. "कोणी?" त्यांनी विचारले. "माई," ते स्वतःच म्हणाले. मग काही वेळाने, "खालची फळी." आणि मग अगदी हळू, "कौलांची उष्णता म्हणे."

त्यांनी माईंना हाक मारली. माई दारातच उभ्या राहिल्या, पदराचे टोक बोटाला गुंडाळत. मला वाटले, आता या घरात काहीतरी मोडणार. मास्तरांनी पाट पुढे सरकवला. "बस माई. सूनबाई, वहीचं कोरं पान काढा." आणि त्यांनी बहिणीला एकेक प्रश्न विचारला, पाहुण्या पंडिताला विचारावा तसा.

"किती द्यायचीस?"

"एकेकच. सांगितलं ना हिला."

"नर की मादी?"

"इश्श! माशीचं ते मी कशाला बघू, बाळू?"

"एखादा सोमवार चुकला?"

माईंनी आठवले. "एक चुकला. महाशिवरात्रीच्या आधीचा. अंगात ताप होता माझ्या."

मास्तरांचा हात हवेतच थांबला. "सूनबाई, त्या आठवड्याचं पान." मी उलटले. खालच्या फळीवरचे ते दोन कोळी त्याच आठवड्यात, कातेत अडकून गेले होते. मी वाचून दाखवले.

"रागावलास?" माईंनी विचारले.

"माई, मी वही ठेवली. तू सोमवार ठेवलेस. तुझी वही जास्त खरी निघाली."

माई गेल्यावर त्यांनी माझ्यापुढचे पत्र चाचपून घेतले आणि फाडले. आधी उभे, मग आडवे. पुढचे दोन दिवस ते खोलीकडे फिरकले नाहीत. दोन्ही पंगती मीच वाढल्या. ओटीवर बसून ते माडांच्या दिशेने पाहत राहत. त्यांना आता माड दिसत नसत, झावळ्यांची सळसळ तेवढी ऐकू येई.

तिसऱ्या दिवशी नवे पत्र सांगितले. पहिल्यापेक्षा आखूड. निव्वळ कालवलेल्या अन्नावर कोळी वाढले नाहीत. आठवड्याला एक जिवंत घास मिळाला ते वाढले. तो घास ‘माझ्या थोरल्या बहिणीने दिला, आणि त्याची गरज तिला माझ्याआधी कळली.’ हे वाक्य गाळावे, असे मी सुचवले. लोक पुन्हा हसतील. ते म्हणाले, "हसू देत. तिनं केलंय, ते मी कसं गाळू?" दीड महिन्याने दोन ओळींचे उत्तर आले: प्रयोगकर्त्याच्या देखरेखीबाहेर दिलेले अन्न गृहीत धरता येत नाही, प्रयोग पुन्हा करावा. माझा संताप झाला. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

पुढच्या दिवाळीला पुन्हा काचा भरल्या. त्यांना आता माणूस फक्त दारातल्या सावलीसारखा दिसे. या खेपेस त्यांनी फळ्यांची अदलाबदल केली: एक जिवंत घास मिळणारे कोळी वर, निव्वळ बलकावरचे खाली, म्हणजे कौलांच्या उष्णतेचा संशयही फिटावा. दर सोमवारी माई चौरंगावर चढून वरच्या बाराजणांना वाढत आणि मी खूण करी. खालच्या फळीला हात न लावण्याचा शब्द त्यांनी तुळशीपुढे दिला होता. पण आता ती फळी नेमकी त्यांच्या हातासमोर होती. पहिल्याच सोमवारी त्या जुने लुगडे घेऊन आल्या आणि फळीवर पडद्यासारखे बांधले. "मला ते दिसले तर संध्याकाळी उपास सोडवणार नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी ते लुगडेही वहीत लिहायला लावले.

लुगड्यामागचे बाराही कोळी चौथ्या कातेपर्यंत मरून गेले. वरचे अकरा वाढले. चैत्रात तिघींनी अंडी घातली. मास्तरांना ती पिढी पाहता आली नाही. मी सांगितली तेवढीच. अंडी घातल्याचे ऐकून ते उठले नाहीत, गोड कर म्हणाले नाहीत. म्हणाले, "लिहा: केवळ कालवलेल्या अन्नावर हा कोळी वाढत नाही. माझा समज चुकीचा होता." क्षणभर थांबून त्यांनी पुढे सांगितले, "नवा परिच्छेद. आठवड्याला एक चिलट पुरते. ते कोणत्याही घरी, केळ्याच्या सालीवर मिळते." दोन्ही वाक्ये त्यांनी एकाच आवाजात सांगितली. तो कागद मुंबईला गेला. त्याचे काय झाले, मला कधीच कळले नाही.

वैशाखात मास्तरांच्या एका पुतण्याने दोघांना आपल्याकडे न्यायचे ठरवले. आंधळा भाऊ आणि वाकलेली बहीण एकटी कशी राहणार? पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी निघायचे होते. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या काचा वाडीत नेल्या, माडांच्या बुंध्यांशी आडव्या ठेवल्या आणि मलमली सोडल्या. मास्तर प्रत्येक बुंध्याला हात लावत हिंडले. "गेले?" ते विचारत. मी खाली बसून मोजून सांगे.

सकाळी आगबोट लांब समुद्रात उभी राहिली आणि माणसे नेणारा मचवा किनाऱ्याला लागला. हिरूने माईंना पाण्यातून आधार देत चढवले. "सांबालून आजी, सांबालून" असे तिचे चालले होते. मास्तर पाण्याच्या कडेला थांबले. त्यांच्या धोतराचा काठ भिजून पायांना चिकटला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात, तर मी या मचव्यात फार सुखानं चढलो असतो."

मला रडू आवरेना. "मग चुकलंच माझं, काका."

"कुठं चुकलं? सुखानं चढलो असतो म्हटलं मी. पण हाती काही न लागता." त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून बलकाचा आणि ओल्या वाळूचा वास होता. पुन्हा आमची भेट झाली नाही.

मचवा सुटला, लाटांवर एकदा आडवा झाला आणि वळला. त्या वळण्यात मास्तरांची दिशा चुकली. ताठ बसून त्यांनी हात वर केला आणि हलवत राहिले. पण ते ज्या बाजूला पाहत होते तिथे किनाऱ्यावर कुणीच नव्हते, ओली वाळू आणि सुरूची झाडे तेवढी. माईंना ते दिसले नसावे. त्या पदराने तोंड पुसत होत्या. मी लुगडे घोट्यांवर उचलले आणि पाण्याच्या काठाने धावत सुटले, जिथे तो हात रोखला होता तिथवर. तिथे उभी राहिले आणि हात वर केला.